वीस आठे एकशे अडुसष्ट

७ जानेवारी १९६१, शनिवार. दारव्हा

अख्खी खंडी तोलली आज! एक दाणाही अंदाजानं नाही.

मारोतराव म्हणाले होते, "कायले एवढा खटाटोप बाई? एक कुडव तोला, वीसनं गुणा, झालं." वीस कुडवांची खंडी हे तर माझ्या पहिलीतल्या पोरीही सांगतील. पण एका कुडवात मूठभर इकडेतिकडे झालं, तर गुणल्यावर वीस मुठी इकडेतिकडे होणार. म्हटलं, नाही. मोठं माप घ्या म्हणजे चूक लहान होते, असं नव्या वजनमापांच्या शिबिरात शिकवलं होतं. यवतमाळचे ते चार दिवस काही फुकट गेले नाहीत!

गोदामात ज्वारीच्या राशीवर सेवादास मापारी बसले. कुडव भरायचा, काठावरून हात फिरवून सपाट करायचा, पोत्यात पालथा घालायचा आणि मोठ्यानं आकडा सांगायचा. आवाज असा की रस्त्यावरची माणसं वळून बघतात. "वीऽऽस!" म्हणेपर्यंत बंडी भिजली होती त्यांची. दोन पोती झाली. नव्या काट्यावर चढवली, रिकाम्या पोत्यांचं वजन वजा केलं. एकशे अडुसष्ट किलो. पुन्हा चढवली — पुन्हा एकशे अडुसष्ट!

मारोतराव सोसायटीचे अध्यक्ष. येत्या एप्रिलपासून त्यांच्या गोदामात मापणं बंद, तोलणं सुरू. सरकारनं मुदत त्याच्याही पुढची दिली आहे, पण यांना सगळ्यांच्या आधी पोचायचंय. जुन्या मापांचं नव्या वजनात कोष्टक करायला त्यांनी मला बोलावलं. मला! मुलींच्या शाळेतल्या सहायक शिक्षिकेला! मुलांच्या शाळेत तीन-तीन मास्तर बसलेले असताना. शिबिरात गणितात पहिलं कोण आलं याची त्यांनी चौकशी केली होती म्हणे.

आई म्हणाली, "त्या धुरोळ्यात कायले जातं वं? नाकातोंडात जाते सारं."

जाऊ दे नाकातोंडात.

८ जानेवारी

शिंकून शिंकून बेजार. तरी अर्धं कोष्टक झालं.

१५ जानेवारी, रविवार

कोष्टक भिंतीवर लागलं! गोदामाच्या दारातून आत गेलं की समोरच. पांढऱ्या पट्टीवर काळा तेलरंग. कुडव, खंडी, पाच खंड्या, दहा खंड्या, पंचवीस खंड्या; समोर किलो, क्विंटल. एक खंडी ज्वारी — एक क्विंटल अडुसष्ट किलो. आणि खाली, बारीक पण स्वच्छ अक्षरात: तयार करणार — कु. कोकिळा गावंडे, सहायक शिक्षिका.

रंगाऱ्यानं 'कोकिळा' ऱ्हस्व-दीर्घासकट बरोबर लिहिलं. मी समोर उभीच होते म्हणा.

येताना मुद्दाम दोनदा गोदामावरून गेले. मनात सारखं पावकी-निमकी-पाऊणकी घोळत होतं. किती वर्षं घोकलं ते सगळं! आता दहा, शंभर, हजार — टिंब सरकवा की झालं. माझ्या पोरींना पाऊणकी पाठ करावी लागणार नाही, या आनंदात जरा वाईटही वाटलं. मला फार चांगली येत होती हो पाऊणकी.

भगवानराव तिथंच होते. सोसायटीच्या पंचांतले सगळ्यात मोठ्या आवाजाचे गृहस्थ. कोष्टकाकडे बघत म्हणाले, "पोरीनं लिवलं म्हनता? पाहू किती दिवस टिकते थे."

पाहाच!

२ फेब्रुवारी, गुरुवार

टिकलं! तीन गावांची ज्वारी आली. तिन्हीकडे माप सेवादासांचंच होतं. चिठ्ठीवरच्या खंड्यांचे कोष्टकात जेवढे क्विंटल, काट्यावर बरोब्बर तेवढेच. फरक पाच-सात किलोंचा, तोही पोती फाटल्यानं सांडलं तेवढाच.

मारोतराव म्हणाले, "बाई, हे तं जादू झाली."

जादू कसली? त्रैराशिक!

१४ फेब्रुवारी, मंगळवार

आज वाईट झालं.

वडगावची ज्वारी आली. वडगावची आजवर कधी इकडे येत नसे. गावातल्याच पेवात, जमिनीखालच्या कोठारात भरायची आणि पेरणीच्या वेळी तिथूनच काढायची. यंदा पेवात ओल शिरली म्हणून बैलबंड्या इकडे वळल्या. माप रहेमानचाचांचं. वडगावच्या पंचक्रोशीत तीस वर्षं तेच मापारी आहेत. त्यांच्या चिठ्ठीवर पंचवीस खंड्या. म्हणजे कोष्टकाप्रमाणे बेचाळीस क्विंटल. काट्यावर भरली चाळीस!

दोन क्विंटल कमी. सांडून-लवंडून दोन क्विंटल जात नाहीत.

भगवानरावांना तेच हवं होतं. सगळ्यांसमोर म्हणाले, "तीस वर्सं पेवात अंधार होता, आता उजेड पडला! भिंतीवर काय लिवलं हाय वाचा ना चाचा. वाचता येत नसन तं बाईले इचारा."

माझ्या कोष्टकावर बोट ठेवून बोलले. माझ्या!

रहेमानचाचा उंच, वाळलेले, पांढरी दाढी. कोष्टकाकडे बघितलं, काट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. एवढंच म्हणाले, "बाईनं लिहिलं तं बरोबरच असन."

मग गप्प. एक शब्द नाही. अरे, भांडा ना! चोरी केली नसेल तर माणूस ओरडतो, शपथा घेतो. हे आपले बंडीच्या चाकाशी उभे, आत चाललेलं सेवादासांचं मापणं ऐकत.

१५ फेब्रुवारी

५ मार्चला पंचांची सभा. नव्या काट्यावर कायमचा तोलारी नेमायचा आहे. सेवादास नेरला मुलाकडे राहायला जाणार, ते काही ही जागा घेत नाहीत. त्यामुळे जागा रहेमानचाचांचीच होती, सगळ्यांनी धरलेलं होतं. आता भगवानराव म्हणतात, त्यांना काटा तर नाहीच, उलट सभेत नाव वाचून मापारीपणही काढून घ्यायचं आणि गावोगाव तसं कळवायचं.

तीस वर्षांचं नाव जाणार. आणि पुरावा कुठला? माझ्या अक्षरातला.

मारोतरावांना विचारलं, खरंच करणार का असं? ते म्हणाले, "बाई, मले का आनंद होऊन राह्यला? पन कोष्टक तुमचं, काटा सरकारी शिक्क्याचा. मी तिसरं काय आनू?"

खरं सांगायचं तर रहेमानचाचांचा मला राग आला आहे. माझ्या चांगल्या कोष्टकाला पहिलाच डाग लावला. हे इथं लिहिते, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही.

१९ फेब्रुवारी, रविवार

वडगावला जाऊन आले. तीन मैल — म्हणजे पावणेपाच किलोमीटर आणि वर थोडं. पायी. शाळेची तागडी आणि वजनं पिशवीत घेऊन! खांदा उतरला.

रमजान सुरू झालेला. रहेमानचाचा पडवीत बसले होते, ओठ कोरडे. त्यांच्या बायकोनं, खातूनबींनी, माझ्यासाठी मात्र चहा टाकला. मी नको नको म्हटलं, तर म्हणाल्या, "रोजा आमचा हाय बाई, तुमचा थोडी हाय!" त्यांच्या देखत चहा प्यायला कसंसंच झालं.

मी सरळ विचारलं, चाचा, कुडव दाखवता का?

उठून आणून दिला. तुमची झडती घेते आहे असं मीच जणू म्हटलं होतं आणि त्यांनी ते मान्य केलं होतं. लोखंडी कुडव, कडेवर तहसिलीचा शिक्का. बुडाला पोचा नाही, आत लाख नाही, मेण नाही. ज्वारी भरली, सपाट केली, तोलली. आठ किलो.

आठ! माझ्या कोष्टकात कुडव आठ किलो चारशे ग्रॅम. म्हणजे प्रत्येक कुडवामागे चारशे ग्रॅम कमी. वीस कुडवांना आठ किलो, पंचवीस खंड्यांना दोनशे किलो — दोन क्विंटल! हिशेब चपखल बसला. माप लहान. संपलं.

माझ्या चेहऱ्यावर दिसलं असणार. रहेमानचाचा म्हणाले, "राहू द्या बाई. कायले तरास घेता उन्हातान्हात. जे होईन थे होईन."

निर्दोष माणूस 'राहू द्या' म्हणतो का? परत येताना सगळा रस्ताभर मी चिडून पाय आपटत चालले. आणि मधेच रडू आलं. कुणासाठी ते कळलं नाही.

२० फेब्रुवारी

पण शिक्का तर खरा होता. मी बोटानं चाचपून पाहिला.

२२ फेब्रुवारी, बुधवार

शाळा सुटल्यावर गोदामात गेले. सेवादासांना म्हटलं, भाऊ, तुमचा कुडव द्या. ज्वारी भरून तोलली.

आठ किलो.

पुन्हा. आठ. तिसऱ्यांदा आठ!

मग रहेमानचाचांच्या मापात काय खोट राहिली? दोघांची मापं सारखीच आहेत! मी कुडवाचे आठ किलो चारशे ग्रॅम कुठून आणले? तर एकशे अडुसष्टला वीसनं भागून. कुडव कधी एकटा तोललाच नव्हता. मोठं माप घेतलं होतं ना शहाणीनं!

मारोतरावांना बोलावलं. सेवादासांना म्हटलं, आत्ताच्या आत्ता एक खंडी मापा. समोर बसून कान देऊन ऐकलं. एक, दोन, तीन… वीस. एक आकडा गाळला नाही, एक दोनदा म्हटला नाही. पोती काट्यावर चढवली. एकशे अडुसष्ट किलो!

म्हणजे कुडव आठ किलोंचा, खंडी वीस कुडवांची आणि वजन एकशे अडुसष्ट. वीस आठे एकशे अडुसष्ट! मी दुसरीच्या पोरीला या पाढ्यासाठी बाकावर उभं केलं असतं.

मारोतराव डोकं खाजवत म्हणाले, "राशीत देव असते बाई, असं म्हनतात म्हातारे." देवाला माझ्याच कोष्टकात यायचं होतं!

आता एवढं तरी नक्की की रहेमानचाचांवरचा आळ माझ्या आकड्यावर उभा आहे आणि तो आकडा बिघडलेला आहे. पण कुठं बिघडला हे दाखवल्याशिवाय भगवानराव ऐकायचे नाहीत. "आता पोरगी पलटली," म्हणतील.

२३ फेब्रुवारी

काटा तपासला. बरोबर.

२४ फेब्रुवारी

पोती तपासली. बरोबर. मी तपासायची राहिले.

२५ फेब्रुवारी, शनिवार

वर्गात 'वीस आठे?' विचारलं. सगळ्या पोरी एकसुरात ओरडल्या, "एकशे साठ!" मी म्हटलं, नक्की? बिचाऱ्या घाबरल्या. एकीनं बोटं मोजायला घेतली.

आठ दिवस उरले सभेला. जेवण जात नाही. आई म्हणते, कुणाची दृष्ट लागली.

२७ फेब्रुवारी, सोमवार

सापडलं! सापडलं! सापडलं!

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

सकाळी आई दळणासाठी ज्वारी काढत होती. डब्यातून सुपात, पायलीनं. मी शेजारी केस विंचरत होते. आईचं नेहमीसारखं चाललेलं, स्वतःशीच पुटपुटत: "लाभ… दोन… तीन… चार…"

माझा हात केसांतच थांबला.

पहिलं माप ओतताना 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. घरात लाभ यावा म्हणून. हे तर जन्मापासून ऐकते आहे. इतकं ऐकते की ऐकूच येत नाही! पण आई लाभनंतर म्हणाली 'दोन'. आणि सेवादास काय म्हणतात? डोळे मिटून आठवलं. "लाभ! एक! दोन! तीन!" लाभनंतर एक!

मी किंचाळलेच. आई दचकली, सूप हातातून सुटलं. "काय झालं वं? इच्चू चावला काय?"

म्हटलं, आई, तू लाभनंतर दोन काय म्हणतेस?

"मंग काय म्हनू? लाभ म्हंजे एकच ना. आमच्या उमरखेडकडं असंच मापतेत. तुमच्या दारव्ह्यात लाभ अलग असते, देवाचा म्हनून. मले लग्न होऊन आल्यावर सासूनं दोनदा टोकलं. मी नाही बदललं."

पंचवीस वर्षं माझ्या घरात उत्तर दळलं जात होतं!

म्हणजे सेवादासांची खंडी एकवीस कुडवांची. एक लाभाचा, वर वीस. एकवीस आठे एकशे अडुसष्ट! आकडा बिघडलाच नव्हता, खंडीच दुसरी होती. मी समोर बसून आकडे ऐकले आणि लाभ ऐकलाच नाही. लाभ हा माझ्या कानाला आकडा नव्हताच, जीभ टाळूला लागावी तसा तो आवाज होता.

आणि वडगावला? तिथं पहिल्या मापाला 'बरकत' म्हणतात असं ऐकून आहे. त्यानंतर दोन म्हणत असतील तर वीस कुडवांची खंडी — एकशे साठ किलो. पंचवीस खंड्या, चाळीस क्विंटल. काट्यावर भरले तेवढेच! एक दाणा कमी नाही.

आईच्या गळ्यात पडले. सांडलेली ज्वारी दोघींनी मिळून वेचली. ती म्हणत होती, "गनितानं येडी झाली पोरगी."

शाळेत उशीर झाला. होऊ दे!

२८ फेब्रुवारी

मारोतरावांना सांगितलं. त्यांनी दोनदा ऐकून घेतलं. मग म्हणाले, "नुसतं सांगून भगवानराव ऐकनार नाई. सभेत करून दाखवा."

मी? पंचांच्या सभेत? तिथं आजवर बाई गेली असेल तर झाडायला.

करून दाखवीन!

५ मार्च, रविवार

जिंकले. सगळं क्रमानं लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही.

गोदामाच्या अंगणात सतरंजी. पंच, वडगावचे आठ-दहा शेतकरी, दारव्ह्याची बघी मंडळी. मी पांढरं लुगडं नेसले होते आणि हातात चिंचोक्यांचं फडकं. रहेमानचाचा एका कडेला, उपाशी, मान खाली. खातूनबी दारापाशी, बुरख्यात.

भगवानरावांनी सुरुवात केलीच, "चोराले—"

मी म्हटलं, काका, एक काम तुमच्यासारख्या वजनदार माणसाशिवाय होणार नाही. हे चिंचोके घ्या, हा रिकामा डबा घ्या. कुडव पालथा पडला की एक चिंचोका डब्यात टाका. तोंडानं मोजायचं नाही, मनातही मोजायचं नाही.

वजनदार म्हटल्यावर गडी खुलला! मांडी घालून बसले.

आधी रहेमानचाचा. एकच रास, एकच कुडव — सेवादासांचा. उठले, बाह्या सारल्या. आवाज बारीक, पण स्वच्छ. "बरकत! दोन! तीन! चार!" चिंचोके टपटप पडत होते. "वीस!" काटा — एकशे साठ. डबा ओतला. भगवानरावांनी स्वतः मोजले. वीस चिंचोके.

मग सेवादास. "लाभ! एक! दोन! तीन!" तोच जुना दणका. "वीऽऽस!" काटा — एकशे अडुसष्ट. लोक कुजबुजायला लागले. भगवानरावांनी चिंचोके मोजले. पुन्हा मोजले. सतरंजीवर ओळीनं मांडून मोजले. मग शेजाऱ्याला म्हणाले, "मोज रे तू."

एकवीस!

असा कालवा झाला म्हणता! सेवादास ओरडत होते, "लाभ कोनी मोजते काय? थो देवाचा हाय!" वडगावचा एक म्हातारा उभा राहून ओरडला, "आमच्याकडं बरकत हेच पह्यलं माप! आमचा देव का उपाशी राह्यते?" सगळे हसले. सेवादासही हसले.

मग मी उभी राहिले. म्हणायचं वाक्य सकाळपासून घोकत होते, पण वेळेवर तोंडातून निघेना. कारण ते म्हणायला मला नको होतं, हे इथं कबूल करते. माझं नाव त्या भिंतीवर आहे. तरी म्हटलं, मोठ्यानं म्हटलं: "खंड्या दोन तऱ्हेच्या आहेत. मी एकीचंच कोष्टक केलं आणि दुसरीला लावलं. चूक माझी आहे. रहेमानचाचांचा एक दाणा कमी नाही."

मग मारोतरावांनी टाळी वाजवली आणि सगळं अंगण वाजायला लागलं!

भगवानराव उठून गेले, मडक्यातून पाणी भरलं आणि रहेमानचाचांपुढं धरलं. कुणीतरी म्हणालं, "अहो, रोजा हाय त्यायचा!" भगवानराव तांबडेलाल. "मंग… मंग ठेवतो इथं. रोजा सुटल्यावर प्या." भांडं चाचांच्या पायाशी ठेवून बसले. माफी मागायची त्यांची तऱ्हा ती एवढीच, पण सगळ्यांसमोर मागितली.

ठराव एकमतानं: एक एप्रिलपासून काट्यावर तोलारी रहेमानचाचा.

चाचा माझ्याजवळ आले. मला वाटलं, आता तरी बोलतील. डोक्यावर हात ठेवला, म्हणाले, "शाबास बाई." बस्स. गेले.

६ मार्च

दारव्ह्यात मला आता 'लाभबाई' म्हणतात. ऐकलं मी. काही हरकत नाही!

१२ मार्च, रविवार

कोष्टक नव्यानं लिहिलं. रंगारी नको म्हटलं, मीच शिडीवर चढले. खाली पोरासोरांची ही गर्दी. आता दोन रकाने: लाभ वेगळा धरणारी खंडी, एकशे अडुसष्ट. लाभ-बरकत धरून खंडी, एकशे साठ. कुडव एकच, आठ किलो, सगळ्यांचा सारखा. सगळ्यात वर ठळक लिहिलं — पहिलं माप कसं मोजलं ते आधी विचारा.

यवतमाळहून शिबिराचे एक साहेब बघून गेले. वहीत उतरवून घेतलं! "हे आमच्या ध्यानात आलं नव्हतं," म्हणाले. पुढच्या शिबिरात तुम्हीच सांगा म्हणाले. शिकायला नाही — शिकवायला! आईला सांगितलं तर तिनं विचारलं, "मंग मले काय देनार? सांगतलं तं मी." खरंच आहे. साहेबांना पत्र लिहीन तेव्हा मैनाबाई गावंडे हे नाव लिहीन.

१९ मार्च, रविवार

ईद. आई आणि मी वडगावला जाऊन आलो. आई पहिल्यांदाच गेली कुणा मुसलमानाच्या घरी, जाताना जरा आखडली होती. खातूनबींनी पहिल्या मापाची चौकशी केली आणि दोघी जणी बरकत-लाभावर अशा काही बोलायला लागल्या की मला कुणी विचारीना. रहेमानचाचा आकडे शिकताहेत, इंग्रजी आकडे, वजनांवर असतात ते. पाटीवर काढून दाखवले. आठचा आकडा त्यांना फार आवडतो म्हणाले, सुरुवात आणि शेवट एकाच जागी येतात म्हणून.

१ एप्रिल, शनिवार

पहिलं पोतं तोललं! रहेमानचाचा काट्याशी, नवी टोपी. वजन वाचलं — "ब्यांशी किलो, चारशे ग्राम!" — आवाजात असा ताठा की मारोतरावांनी माझ्याकडे बघून भुवई उडवली. दिवसभरात शंभरावर पोती. एकदाही अडखळले नाहीत. भगवानरावांनी आपलं पोतं मुद्दाम त्यांच्याकडून दोनदा तोलून घेतलं, नुसतं ऐकायला.

मी शाळा सुटल्यावर गेले आणि कोष्टकाखाली उभी राहून बघत बसले. काही काम नव्हतं. आपल्या हातून एका माणसाचं नाव वाचलं, हे इतकं बरं वाटतं हे मला माहीत नव्हतं. कुणाला दाखवायचं नाही म्हणूनच लिहिते: मला माझा फार, फार अभिमान वाटतो आहे.

२ एप्रिल, रविवार

खातूनबी आल्या होत्या. म्हणाल्या, "बाई, एक सांगतो, त्यायले बोलू नका. लाभाची गोष्ट त्यायले पह्यल्याच दिवशी समजली होती. सेवादासभाऊचं माप कानानं ऐकलं अन् घरी येऊन मले सांगतलं. मी म्हनलं, मंग बोलले काहून नाई? तं म्हने, बाईमानसाचं लिहिलेलं पह्यल्यांदा भिंतीवर लागलं. मी चूक दाखवली, तं पुन्हा कोन्या पोरीले कोनी लिहाले बोलावनार नाई. माह्यं काय, चार दिवस चोर म्हनतीन."

त्या गेल्यावर लक्षात आलं, मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही.